आगीपुढे नियमाचा अधिकार

ज्या व्यवसायांत नियम मोडल्याने मनुष्य मरतो आणि नियम पाळल्यानेही मरू शकतो, अशा व्यवसायांत आग विझवण्याच्या व्यवसायाची गणना अग्रक्रमाने करावी लागेल. खालच्या न्यायालयात चुकलेला निवाडा वरच्या न्यायालयात फिरवता येतो, दप्तरात चुकलेली नोंद दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, वैद्यालाही निदान बदलण्याची संधी बहुधा मिळते. परंतु धुराने भरलेल्या जिन्यात उभ्या असलेल्या फायरमनला पुढे जावे की मागे फिरावे, दार उघडावे की लावून घ्यावे, माणसांना घरातच थांबवावे की खाली उतरवावे, हे काही श्वासांच्या अवधीत ठरवावे लागते, आणि त्या निर्णयावर अपील नसते. नियमाचे बंधन कोठपर्यंत आणि विवेकाचा अधिकार कोठून, हा जो प्रश्न आपल्या मीमांसकांनी, स्मृतिकारांनी आणि महाभारतकारांनी पुनःपुन्हा हाताळला, तो या व्यवसायात शास्त्रार्थाचा न राहता जीवनमरणाचा होतो. अग्निशामकांच्या शिक्षणातील आणि रणनीतीतील कठोर नियमांचा फेरविचार गेली काही दशके अमेरिकेत आणि इंग्लंडात चालू आहे. त्याला केवळ तांत्रिक बाब समजून तो तज्ज्ञांवर सोपवणे मला योग्य वाटत नाही. कारण त्याच्या बुडाशी असलेला प्रश्न धर्माचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना आपल्या परंपरेतील विचार प्रत्यक्ष उपयोगी पडतात, अशी माझी धारणा आहे.

प्रथम नियमांच्या बाजूने जे म्हणावयाचे ते निःसंकोचपणे म्हटले पाहिजे. अग्निशामकांचे नियम कोणा हुद्देदाराच्या लहरीतून जन्मलेले नाहीत. त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी कोणाचा तरी मृत्यू आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात दक्षिण कॅलिफोर्नियातील इनाहा येथे लागलेल्या वणव्यात ११ जण जळून मेले, तेव्हा अमेरिकेच्या वनखात्याने एक अभ्यासमंडळ नेमले. त्या मंडळाने मागील वीस वर्षांतील प्राणघातक वणव्यांचे दाखले तपासले आणि लष्करातील हुकुमांच्या धर्तीवर १९५७ मध्ये दहा आज्ञा सिद्ध केल्या. हवामानाची बातमी ठेवा, आग काय करीत आहे हे सतत जाणून घ्या, सुटकेची वाट ठरवा आणि ती सर्वांना कळवा, पहारेकरी नेमा, अशा स्वरूपाच्या त्या आज्ञा होत्या. भीतीने बुद्धी व्यापली जाते, धुराने दृष्टी जाते, शौर्याच्या अभिमानाने माणूस आपल्याच मर्यादा विसरतो. अशा वेळी आधी शांतपणे केलेला विचार त्याच्या मदतीला धावून यावा, याची तरतूद म्हणजे नियम. मृतांनी जिवंतांना दिलेली ती शिकवण आहे, आणि तिचा अव्हेर करणाऱ्याने आपण कोणाचा अव्हेर करीत आहोत याचे भान ठेवले पाहिजे. नियमांच्या फेरविचाराला नियमांविषयीच्या या कृतज्ञतेपासूनच आरंभ झाला पाहिजे. अन्यथा तो फेरविचार न राहता स्वैराचाराचे समर्थन होईल.

परंतु जे नियम अनुभवातून जन्मतात त्यांच्या बाबतीत एक विपर्यास काळाच्या ओघात हमखास घडतो. ज्या पिढीने तो अनुभव भोगला तिला नियमाचे कारण ठाऊक असते. दुसऱ्या पिढीला नियम पाठ असतो आणि कारण ऐकीव असते. तिसऱ्या पिढीच्या हाती नियम तेवढा उरतो आणि त्याचे पालन हेच त्याचे कारण बनते. आपल्या मीमांसाशास्त्रात विधींच्या फळांचा विचार करताना दृष्टार्थ आणि अदृष्टार्थ असा एक मूलभूत भेद केलेला आहे. ज्या कर्माचे प्रयोजन डोळ्यांना दिसते ते दृष्टार्थ. ज्याचे फळ प्रत्यक्ष दिसत नाही, केवळ शास्त्रवचनावरून मानावे लागते, ते अदृष्टार्थ. आणि जेथे दृष्ट प्रयोजन सापडते तेथे अदृष्टाची कल्पना करू नये, असा मीमांसकांचा कटाक्ष आहे. आग विझवण्याचा प्रत्येक नियम या अर्थाने दृष्टार्थ आहे. त्याला प्राण वाचवण्याखेरीज, आग आटोक्यात आणण्याखेरीज, मालमत्ता राखण्याखेरीज दुसरे पुण्य नाही. तरीही संस्था जुनी झाली, कवायत पक्की झाली, परीक्षा आणि बढत्या नियमांच्या पाठांतरावर ठरू लागल्या, म्हणजे हेच दृष्टार्थ नियम हळूहळू अदृष्टार्थ होत जातात. ते पाळले की काहीतरी चांगले घडतेच, आणि वाईट घडले तर कोणीतरी ते मोडलेलेच असणार, अशी श्रद्धा त्यांच्याभोवती जमते. कठोरपणाचा दोष नियमाच्या शब्दांत क्वचितच असतो. त्या शब्दांपासून प्रयोजन तुटते तेव्हा तो उत्पन्न होतो.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा दहावा अध्याय बाधाचा, म्हणजे मूळ यागातील एखादे अंग त्याच्या विकृतीत (त्यावर बेतलेल्या यागात) केव्हा गळून पडते या प्रश्नाचा आहे. त्यातील एक उदाहरण आपल्या विषयाला फार जवळचे आहे. मूळ यागात हविर्द्रव्य धान्याचे असते, म्हणून ते कांडावे असा विधी आहे. कांडण्याचे प्रयोजन कोंडा काढणे. पण एका इष्टीत धान्याच्या जागी कृष्णल, म्हणजे सोन्याचे लहान कण, यांचा चरू सांगितला आहे. सोन्याला कोंडा नसतो. तेव्हा ते कण कांडावेत काय? शास्त्र सांगते की कांडू नयेत. प्रयोजनाचा लोप झाला की त्या प्रयोजनासाठी सांगितलेली क्रियाही बाधित होते. मात्र त्याच कणांना तुपात शिजवण्याविषयी स्पष्ट वचन असल्यामुळे, सोने शिजत नसले तरी, ती क्रिया करावयाचीच. ज्या यज्ञसंस्थेला आपण कर्मठपणाचा कळस समजतो तिच्याच शास्त्रकारांनी असा सूक्ष्म विचार केला, की प्रत्येक अंगाला त्याचे प्रयोजन विचारावे, जे प्रयोजनाबरोबर संपते ते सोडावे, जे स्वतंत्र वचनाने बांधलेले आहे ते राखावे, आणि ही निवड कर्त्याच्या सोयीने न करता विचाराच्या शिस्तीने करावी. अग्निशामकांच्या नियमांचा फेरविचार याहून अधिक काही मागत नाही, आणि याहून कमी काही त्याला पुरणारही नाही.

प्रयोजन आणि नियम यांची फारकत प्रत्यक्षात कशी दिसते, याचा सर्वांत हृदयद्रावक दाखला अमेरिकेतील माँटाना राज्यात ५ ऑगस्ट १९४९ रोजी घडला. मिसुरी नदीकाठच्या मॅन गल्च नावाच्या घळीत वणवा लागला होता. विमानातून छत्रीने उतरलेले १५ जवान आणि त्यांना येऊन मिळालेला एक वनरक्षक, अशी १६ जणांची तुकडी नदीच्या दिशेने निघाली असता आगीने घळीचे तोंड ओलांडून त्यांची वाट अडवली आणि वाळलेल्या गवतावरून ती चढावर त्यांच्या पाठीस लागली. तुकडीप्रमुख वॅग्नर डॉज याने प्रथम सर्वांना हत्यारे टाकण्याचा हुकूम दिला. आणि आग अगदी जवळ आली असता त्याने खिशातील काडी ओढून आपल्यापुढचे गवत स्वतःच पेटवले, ते जळून जाताच त्या राखेत शिरून तो पालथा पडला, आणि इतरांनाही आत येण्यास खुणावले. जळालेल्या जागी आगीला खाण्यास काही उरत नाही, हे साधे तत्त्व त्याने त्या क्षणी ओळखले होते. एकही माणूस त्याच्या मागोमाग राखेत शिरला नाही. डॉज वाचला, दोन जवान कड्याच्या फटीतून पलीकडे निसटल्यामुळे वाचले, उरलेले १३ जण मृत्युमुखी पडले.

त्या तरुणांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. आग विझवावयाची असते, लावावयाची नसते, आणि हत्यार हा अग्निशामकाचा धर्म आहे, तो टाकावयाचा नसतो, असेच त्यांना शिकवलेले होते. प्रमुखाने दोन्ही गोष्टी उलट सांगितल्या, आणि तेही अशा प्रमुखाने, की ज्याचा त्या हंगामात या तुकडीशी पुरेसा सहवास घडलेला नव्हता. गवताळ मैदानांत राहणाऱ्या लोकांना ही युक्ती पूर्वीपासून अवगत होती. तथापि वनखात्याच्या शिक्षणक्रमात ती नव्हती, आणि डॉजने स्वतःही ती कधी ऐकली नव्हती. या घटनेकडे एका प्रज्ञावंताची कथा म्हणून पाहण्याचा मोह होतो, पण तिचा खरा बोध निराळा आहे. एकट्याचा विवेक कितीही यथार्थ असला, तरी त्याच्या कारणांची भाषा इतरांना आधीपासून परिचित नसेल, तर त्या विवेकाने त्याचा एकट्याचा जीव वाचतो. नियम सर्वांना ठाऊक असतो हे त्याचे सामर्थ्य आहे. विवेकालाही तेच सामर्थ्य हवे असेल, तर तोही सर्वांना शिकवला गेला पाहिजे.

नियम प्रयोजनापासून तुटला की त्याला आणखी एक अवस्था प्राप्त होते, आणि ती अधिक घातक आहे. तो रक्षणाचे साधन न राहता दोषारोपाचे साधन होतो. ६ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडोतील स्टॉर्म किंग डोंगरावर १४ अग्निशामक जळून मेले, तेव्हा तपासणी मंडळाने दहांपैकी आठ आज्ञांत कसूर झाल्याचे नमूद केले. त्यांतील काही जण धावतानाही पाठीवरचे ओझे आणि हातातले हत्यार सोडू शकले नव्हते, ही गोष्टही उघड झाली. १० जुलै २००१ रोजी वॉशिंग्टन राज्यातील थर्टीमाइल वणव्यात चौघे गेले, तेव्हा दहाही आज्ञांचा भंग झाल्याचा निष्कर्ष निघाला, आणि पुढे त्या तुकडीच्या प्रमुखावर मनुष्यवधाच्या आरोपाखाली फौजदारी खटला गुदरण्यात आला; अखेरीस तो अधिक सौम्य गुन्ह्यांवर मिटला. येथे थांबून विचार केला पाहिजे. आग काय करीत आहे हे सदैव जाणून असा, ही आज्ञा ध्येय म्हणून निर्दोष आहे. परंतु धुराआड गेलेल्या आगीबाबत कोणताही मनुष्य ती पूर्णांशाने पाळू शकत नाही, आणि म्हणून प्रत्येक मृत्यूनंतर ती मोडल्याचे सिद्ध करता येते. जो नियम अपघातानंतर हमखास मोडलेला आढळतो आणि अपघात न घडल्यास तितकाच मोडलेला असूनही कोणाच्या लक्षात येत नाही, त्याच्या आधारावर न्याय करणे हा न्याय नव्हे. त्या खटल्याचा परिणाम असा झाला की कित्येक अग्निशामकांनी स्वखर्चाने दायित्वाचा विमा उतरवण्यास आरंभ केला, आणि अपघाताच्या चौकशीत मोकळेपणाने बोलावे की नाही असा संभ्रम त्यांच्यात पसरला. ज्या सत्यकथनातून नवे, अधिक चांगले नियम जन्मावयाचे, त्या सत्यकथनाचाच मार्ग जुन्या नियमांच्या कठोरपणाने अरुंद केला.

शहरांतील आगीचा दाखला याहून गंभीर आहे, कारण तेथे नियमाच्या पालनाची किंमत नियमाशी काहीही संबंध नसलेल्या कुटुंबांनी दिली. उंच इमारतींत प्रत्येक घर काँक्रीटच्या भिंतींनी असे वेगळे केलेले असते की एका घरातील आग बराच काळ त्याच घरात कोंडून राहावी. म्हणून इतरांनी आपापल्या घरी दारे लावून थांबावे, जिन्यात गर्दी करू नये, धुरात शिरू नये, असा इंग्लंडातील शिरस्ता होता, आणि असंख्य आगींत तो योग्यही ठरला होता. लंडनमधील २४ मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरील एका घरात आग लागली. १२ वाजून ५४ मिनिटांनी पहिली वर्दी गेली. इमारतीला बाहेरून नव्याने बसवलेल्या ज्वलनशील आच्छादनावर आग पसरली, आणि दीड वाजण्यापूर्वीच ती माथ्याला पोहोचली. आग एका घरात कोंडलेली राहते हा त्या शिरस्त्याचा आधार सर्वांच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला होता. तरीही घरातच थांबा हा सल्ला औपचारिकपणे मागे घेतला गेला तो २ वाजून ४७ मिनिटांनी. ७२ माणसे मेली. सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०१९ च्या अहवालात असा निष्कर्ष नोंदवला की हा निर्णय दीड ते एक पन्नासच्या दरम्यान घेता आला असता आणि घ्यावयास हवा होता. आणि त्याचबरोबर हेही नोंदवले की घटनास्थळीच्या अधिकाऱ्यांना असा प्रसंग ओळखण्याचे शिक्षणच मिळालेले नव्हते. येथे कोंडा नसलेले धान्य कांडले जात होते, आणि कांडणारे लोक निष्ठावान, धैर्यवान व श्रमाची पराकाष्ठा करणारे होते. कित्येक जवान त्या रात्री स्वतःच्या प्राणांची पर्वा न करता पुनःपुन्हा त्या एकमेव जिन्यातून वर गेले. शौर्याची उणीव कोठेच नव्हती. नियमाचे प्रयोजन केव्हा संपते हे सांगणारे शिक्षण तेवढे नव्हते.

येथे कर्णपर्वातील एका प्रसंगाचे स्मरण अपरिहार्य आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ होऊन शिबिरात परतलेल्या युधिष्ठिराने उद्वेगाने अर्जुनाची निर्भर्त्सना केली आणि गांडीव दुसऱ्याच्या हाती देण्यास सांगितले. जो असे म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. प्रतिज्ञापालन हा धर्म. म्हणून त्याने थोरल्या भावावर तलवार उपसली. श्रीकृष्णाने त्याला थांबवून पहिला ठपका ठेवला तो असा, की तू वृद्धांची सेवा केलेली नाहीस. मग त्याने कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगितली. सदैव सत्यच बोलेन असे व्रत घेतलेल्या कौशिकाने लुटारूंना घाबरून लपलेल्या लोकांची वाट खरी सांगितली, ते लोक मारले गेले, आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. जर्मन तत्त्वज्ञ कांट याच्यापुढे १७९७ मध्ये जवळजवळ हाच प्रश्न आला असता त्याने याच्या अगदी उलट उत्तर दिले. मारेकऱ्यालाही खोटे सांगण्याचा अधिकार मनुष्याला नाही, असे त्याचे मत पडले. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्याच्या कर्मजिज्ञासा या प्रकरणात अशाच धर्मसंकटांचा ऊहापोह केला आहे, आणि नीतीचे सामान्य नियम परस्परविरोधी ठरतात तेव्हा त्यांच्या शब्दांपलीकडचे तत्त्व शोधावे लागते, हे दाखवले आहे. कांटची भीती निराधार नव्हती. अपवादाला एकदा दार उघडले की स्वार्थही त्याच दाराने आत येतो. परंतु महाभारतकारांनी त्या भीतीलाही उत्तर दिले आहे. श्रीकृष्णाने अर्जुनाची प्रतिज्ञा तुच्छ म्हणून फेकून दिली नाही. वडील मनुष्याचा अवमान हा त्याच्या वधासारखाच आहे असे सांगून प्रतिज्ञेची अशी पूर्तता सुचवली, की तिचा मान राहावा आणि युधिष्ठिराचे प्राणही राहावेत. नियमाला शक्य तितके राखून प्रयोजनाला संपूर्ण राखणे, हा विवेकाचा मार्ग आहे. आणि तो ज्याला सापडत नाही त्याच्या बुद्धीत उणेपणा असतो असे नव्हे, अनुभवी माणसांच्या सहवासात उणेपणा असतो.

अनुभवी माणसांचा विवेक कसा चालतो, याचा शोध गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अमेरिकेतील अग्निशामक प्रमुखांची विचारपूस करून घेतला. हे लोक दोन-चार पर्याय समोर ठेवून त्यांची तुलना करीत असतील, अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात असे आढळले की ते परिस्थितीची ठेवण ओळखतात, तिला साजेसा पहिला उपाय मनात चालवून पाहतात, आणि तो निभावेल असे वाटल्यास कृतीला लागतात. त्याने नमूद केलेल्या एका प्रसंगात स्वयंपाकघरातील आगीवर पाणी मारत असलेल्या एका प्रमुखाला काहीतरी विपरीत वाटले आणि त्याने आपली माणसे बाहेर काढली. लगेच घराची जमीन खचली, कारण खरी आग तळघरात होती. त्या प्रमुखाला ती अतींद्रिय शक्ती वाटली होती. पण विचारता विचारता उलगडले की लहानशा आगीच्या मानाने खोली फार तापलेली होती, आवाज फार कमी होता आणि पाण्याचा परिणाम होत नव्हता. शेकडो आगींच्या सहवासातून घडलेल्या अपेक्षेचा भंग झाला होता. विवेक हा काही भाग्यवंतांना लाभलेला वर नव्हे. त्याची कारणे विचारली तर सांगता येतात, सांगितली तर शिकवता येतात, आणि शिकवली तर ती सर्वांची होतात. फेरविचाराची सारी आशा या एका गोष्टीवर उभी आहे.

याशिवाय आगीचे स्वरूपच बदलले तर काय करावे, हाही प्रश्न आहे. लाकूड, कापूस, लोकर यांच्या सामानाने भरलेली जुन्या पद्धतीची खोली संपूर्ण पेटण्यास प्रयोगांत सुमारे अर्धा तास लागला. कृत्रिम फोम आणि प्लास्टिक यांच्या आजच्या सामानाची खोली पाच मिनिटांच्या आत पेटली. २०१२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाने संशोधनसंस्थांच्या सहकार्याने गव्हर्नर्स बेटावरील रिकाम्या घरांत मुद्दाम आगी लावून पाहिल्या. बाहेरून पाणी मारले तर आग आतल्या माणसांच्या अंगावर ढकलली जाते, आणि धूर बाहेर जाण्यासाठी खिडक्या-दारे लवकर उघडावीत, ही दोन वचने कित्येक पिढ्यांनी गुरुमंत्राप्रमाणे जपली होती. खिडकीतून योग्य रीतीने मारलेल्या पाण्याने आतली उष्णता उतरते असे दिसून आले. उलट पाणी सज्ज नसताना उघडलेल्या दारातून शिरणारी हवा कोंडलेल्या आगीला नवे बळ देते, असेही दिसून आले. पूर्वीचे लोक मूर्ख नव्हते. त्यांच्या घरांत आणि त्यांच्या आगीत ती वचने त्यांना खरी भासली होती. आपल्याकडेही कलिवर्ज्याच्या प्रकरणात पूर्वी शास्त्रविहित असलेली कित्येक कर्मे पुढील काळासाठी वर्ज्य ठरवण्यात आली, याचे सविस्तर विवेचन महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात केले आहे. काळ बदलला म्हणून विधी बदलला, असे मान्य करण्यात परंपरेला कमीपणा वाटला नाही. अग्निशामक दलांनाही तो वाटण्याचे कारण नाही.

आता सर्वांत बळकट आक्षेपाला सामोरे गेले पाहिजे, आणि तो आक्षेप मुंबईच्या इतिहासातच उभा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजावर आग लागली. त्या जहाजात दारूगोळा होता, आणि त्याच जहाजात कराचीला कापसाच्या गासड्याही भरण्यात आल्या होत्या. असे पदार्थ एकत्र नेऊ नयेत, आणि स्फोटक माल असलेल्या जहाजाने लाल निशाण लावावे, हे नियम शहाणपणाचे होते. युद्धाच्या निकडीपुढे ते शिथिल झाले. आग लागल्यावर जहाज जागच्या जागी बुडवावे, बाहेर ओढून न्यावे की तेथेच विझवावे, याविषयी निर्णायक हुकूम देणारा अधिकार कोणा एकाच्या हाती एकवटलेला नव्हता. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. ६६ अग्निशामक कर्तव्य बजावताना गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आक्षेपक विचारील, की नियम शिथिल केल्याचा हा परिणाम पाहूनही नियम शिथिल करावयाचे काय? माझे उत्तर असे की गोदीत जे झाले तो विवेक नव्हता. कापूस आणि दारूगोळा एकत्र न ठेवण्याच्या नियमाचे प्रयोजन तेथे लोपले नव्हते. ते पूर्णपणे जिवंत होते, आणि तरीही सोय आणि घाई यांसाठी नियम बाजूला सारला गेला. ग्रेनफेल येथे प्रयोजन मेले असता नियम जिवंत ठेवला गेला, मुंबईत प्रयोजन जिवंत असता नियम मारला गेला. दोन्ही ठिकाणी मूळ अपराध एकच, आणि तो म्हणजे नियमाला त्याचे प्रयोजन न विचारणे. विवेकाने नियम सोडणारा मनुष्य कोणते प्रयोजन कोणत्या चिन्हांवरून लोपले हे सांगू शकतो आणि त्याची जबाबदारी आपल्या नावावर घेतो. सोयीने नियम सोडणाऱ्याला ते सांगता येत नाही. हीच दोहोंतील कसोटी.

या कसोटीवरून अग्निशामकांच्या शिक्षणाविषयी काही निश्चित गोष्टी निष्पन्न होतात. श्वसनयंत्रातील हवेचा दाब पाहणे, धुरात एकट्याने न शिरणे, आत गेलेल्यांची नोंद ठेवणे, हे देहाच्या अभ्यासाचे नियम आहेत. त्यांचे प्रयोजन प्रत्येक आगीत जिवंत असते, म्हणून ते विचाराची वाट न पाहता हातून घडतील इतके अंगवळणी पडले पाहिजेत, आणि त्यांत मुभा मागणे हा विवेक नव्हे. दार केव्हा उघडावे, आत शिरावे की बाहेरून लढावे, माणसांना थांबवावे की उतरवावे, हे युद्धनीतीचे नियम आहेत. ते शिकवताना प्रत्येकाबरोबर त्याचे कारण, ते ज्या गृहीतावर उभे आहे ते गृहीत, आणि ते गृहीत कोसळल्याची चिन्हे, ही तिन्ही शिकवली पाहिजेत, आणि कवायतीत असे प्रसंगही मुद्दाम योजले पाहिजेत की जेथे पाठ केलेला नियम लागू पडत नाही. या सर्वांच्या वर एकच नियम असा आहे की ज्याला बाध नाही, आणि तो म्हणजे प्राणांचे रक्षण. बाकीचे सर्व त्याची अंगे आहेत.

संशयित धर्माचा निर्णय करण्यासाठी स्मृतिकारांनी विद्वानांच्या परिषदेची तरतूद केली होती. निर्णय एकाच्या अहंकारावर सोडू नये आणि अनिर्णीतही ठेवू नये, हा त्यामागील हेतू. प्रत्येक मोठ्या आगीनंतर अग्निशामक दलात अशी परिषद भरली पाहिजे, आणि तिच्यात सर्वांत कनिष्ठ जवानालाही मी येथे नियम सोडला व अमुक कारणाने सोडला, किंवा मी येथे नियम पाळला आणि तो पाळल्यामुळे हानी झाली, असे निर्भयपणे म्हणता आले पाहिजे. शिक्षेचे काम न्यायसंस्थेचे आहे आणि ते निष्काळजीपणा व लोभ यांच्यासाठी राखून ठेवावे. प्रामाणिकपणे घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीतून पुढच्या माणसाला ज्ञान मिळाले पाहिजे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे, मुंबई-पुण्यात उंच इमारती दिवसेंदिवस वाढत आहेत, आणि त्यांत राहणाऱ्या किती कुटुंबांना आश्रयमजल्याचे, म्हणजे आगीच्या वेळी आसरा घेण्यासाठी मोकळ्या राखलेल्या जागेचे, प्रयोजन कोणी समजावून सांगितले आहे, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. ज्यांना कारण ठाऊक नाही ते नागरिक त्या मोकळ्या जागेत अडगळ साठवतात आणि ज्याला कारण ठाऊक नाही तो जवान बदललेल्या आगीत जुनाच हुकूम देतो. दोघांचाही दोष शिकवणाऱ्याकडे जातो.

नियमाचा अधिकार मला मान्य आहे, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या मृतांचा अधिकार त्याहून अधिक मान्य आहे. पण त्या मृतांना आपल्याकडून काय हवे असेल, याचा विचार केला तर असे वाटते की आपल्या मृत्यूतून निघालेले वाक्य शब्दशः जपले जावे, ही त्यांची इच्छा नसणार. आपण ज्या कारणाने मेलो त्या कारणाने पुढे कोणी मरू नये, हीच असणार. म्हणून ज्या शिक्षकाला नियमाचे कारण सांगता येत नाही त्याने तो नियम शिकवण्याचा अधिकार स्वतःकडे घेऊ नये, ज्या प्रमुखाला प्रयोजन संपल्याची चिन्हे ओळखता येत नाहीत त्याच्या हाती इतरांचे प्राण सोपवू नयेत, आणि ज्या खात्याला आपल्या नियमांचे पुनर्विलोकन करण्याचे धैर्य नाही त्याने आपल्या हुतात्म्यांना वाहिलेली आदरांजली अपुरी आहे असे समजावे. जवानाकडून आपण प्राणांची बाजी मागतो. त्या मागणीच्या बदल्यात त्याला केवळ आज्ञा देऊन भागणार नाही, त्या आज्ञेमागचे सर्व ज्ञान आणि प्रसंगी ती ओलांडण्यासाठी लागणारी योग्यताही त्याला देणे, हे समाजाचे त्याच्याविषयीचे ऋण आहे.